ताईच्या अक्षरातली वही

१

प्रकाशकांनी वही टेबलावर आपटली आणि ते खुर्चीत मागे रेलून बसले.

"वाचा. मोठ्यानं वाचा, म्हणजे आम्हालाही कळेल आम्ही कुणाचं पुस्तक छापायला निघालो होतो."

कंडक्टरबाई उभ्याच होत्या. बसा म्हणायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. प्रकाशन आठ दिवसांवर आलेलं, मुखपृष्ठ छापून तयार. आमंत्रणपत्रिका दाखवायला बोलावलं असेल अशा समजुतीनं त्या ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या.

वही जुनी होती. पुठ्ठ्याचे कोपरे झिजलेले, पानं पिवळी. पहिल्या चार पानांवर शाळेतल्या पाठांची टाचणं होती आणि वर सात वर्षांपूर्वीची तारीख. पाचव्या पानावर दुसरंच काही सुरू होत होतं. 'मागच्या खोलीला खिडकी होती, पण ती उघडली की समोर भिंतच दिसायची.'

हे वाक्य त्यांचं होतं. त्यांच्या कादंबरीच्या नवव्या प्रकरणाचं पहिलं वाक्य. दुसरंही त्यांचंच, तिसरंही. त्या पानं उलटत गेल्या. चाळीस पानांत शेवटची चार प्रकरणं उतरली होती.

"काल तुमचे भावोजी देऊन गेले," प्रकाशक म्हणाले. "सोबत हे पत्र."

पत्रातलं अक्षर म्हणजे कोंबडीला शाईत बुडवून कागदावर सोडावं तसं. मजकूर मात्र धारदार. माझी दिवंगत पत्नी अंथरुणाला खिळलेली असताना तिनं स्वतःची कहाणी लिहून ठेवली. धाकट्या बहिणीनं ती चोरली. पुस्तक थांबवा, नाहीतर मी वर्तमानपत्रात जाईन.

"हे मी लिहिलंय," बाई म्हणाल्या. "ताई गेल्यावर. चार वर्षं, डेपोच्या विश्रांतीखोलीत बसून."

"साक्षीदार?"

डेपोत साक्षीदार होते खूप, पण सगळे दात काढणारे. 'तिकिटं फाडून हात दुखला की बाई आता कागद फाडतात,' असं म्हणणारे. सात प्रकाशकांनी बाड परत केलं होतं. त्यातल्या एकानं तर न उघडताच. हा आठवा.

"चार दिवस देतो," प्रकाशक म्हणाले. "शाबीत करा. नाहीतर पाचव्या दिवशी मीच जाहीर करीन की आम्ही फसवले गेलो. माझ्या नावाला बट्टा लागण्यापेक्षा तुमच्या लागलेला बरा."

बाईंना भांडता आलं असतं. सव्वीस वर्षं बसमध्ये त्या रोज दहा जणांशी भांडत आल्या होत्या. पण त्यांची नजर पुन्हा वहीवर गेली.

ते गोल, उभट, डोक्यावर सरळ रेघ ओढलेलं अक्षर त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. ते ताईचंच होतं.

२

प्रकाशकांच्या कचेरीत मागच्या बाजूला, कागदांच्या गठ्ठ्यांआड, एक मुद्रितशोधक बसायचे. मजकुरातल्या चुका काढणं हे त्यांचं काम, आणि माणसांतल्या काढणं हा छंद. सगळे त्यांना भिंग म्हणत. तोंडावर म्हणत, आणि ते ओ देत.

"तुमच्या पुस्तकात मी चारशे बारा चुका काढल्या," बाई समोर येताच ते म्हणाले. "जेवढ्या चुका तेवढे शिव्याशाप दिले. त्यामुळं मला तुमच्याबद्दल काडीचंही प्रेम नाही, हे आधी सांगून ठेवतो."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"कारण ते पुस्तक मी तीनदा वाचलंय. ज्या बाईनं 'ऊन' तीन प्रकारे लिहिलं, ती चोर असेल तर फार गलथान चोर असणार. बसा."

त्या दिवशीचा 'बसा' हा पहिलाच. बाई बसल्या.

भिंगांनी वही डोळ्यांना लावली. मग बाईंचं मूळ बाड काढलं, त्याच्या शेजारी पहिलं प्रूफ ठेवलं. मजकूर जुळवल्यावर वाचायला म्हणून छापून काढतात तो गठ्ठा. अर्धा तास ते वाचत राहिले.

"बाई, तुमच्या नवव्या प्रकरणात ती आजारी बाई छताकडे बघत पडलेली असते. ओल आलेल्या छतात तिला काय दिसतं?"

"डोंगर दिसत, दऱ्या दिसत," बाईंनी वाक्य पाठ म्हटलं.

"बाडात तसंच आहे. दऱ्या. डोंगराशेजारच्या. पण आमच्या मजकूर जुळवणाऱ्या पोरीनं काय टाइप केलं बघा."

प्रुफात होतं : 'डोंगर दिसत, दर्या दिसत.'

"दर्या म्हणजे समुद्र," भिंग म्हणाले. "छतात समुद्र कुठून आला? आणि एकटा दर्या 'दिसत' कसा असेल? मी माझ्या प्रतीत ती चूक लाल शाईनं सुधारली. आता वहीत बघा."

बाईंनी वहीवर बोट ठेवलं. ताईच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं : 'डोंगर दिसत, दर्या दिसे.'

"कळलं?"

"नाही."

"तिकिटं तरी नीट दिलीत ना हो सव्वीस वर्षं? अहो, लिहिणाऱ्यानं 'दर्या दिसत' वाचलं, त्याला ते खटकलं, म्हणून त्यानं क्रियापद बदललं. आमच्या छापखान्यातली चूक त्यानं सजवून घेतली. ही चूक जगात आली कधी? दीड महिन्यापूर्वी. मग सात वर्षांपूर्वीच्या वहीत ती पोचली कशी?"

बाई खुर्चीत पुढं सरकल्या. "म्हणजे वही खोटी!"

"वही खरी आहे. पहिली चार पानं खरी आहेत. बघा, तुमच्या ताईंनी टाचणात 'कांही उदाहरणें', 'जमत नाहीं' असं लिहिलंय. जुन्या वळणाचे अनुस्वार."

"वडिलांनी तसं शिकवलं होतं तिला. शाळेत बोलणी खायची, पण सोडलं नाही कधी."

"पाचव्या पानापासून एकदम 'काही', 'नाही'. अक्षर तेच, शुद्धलेखन नव्या माणसाचं. कुणीतरी तुमच्या ताईंच्या हातानं लिहिलंय." भिंगांनी चष्मा काढला. "पहिल्या प्रुफाच्या तीनच प्रती निघाल्या. एक माझ्याकडे. दुसरी प्रस्तावनेसाठी तुमच्या त्या सरांकडे. आणि तिसरी तुमच्याकडे. म्हणजे बाई, हे काम करणारा माणूस मी आहे, सर आहेत, नाहीतर तो तुमच्या घरात येऊन गेलाय."

३

सर लेखनाचे वर्ग घेत. त्यांच्या वर्गात बाई दोन वर्षं शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. पुस्तकाची प्रस्तावना सरांनीच लिहिली होती, अकरा पानांची, आणि तिच्यात बाईंचा उल्लेख दोनदा होता. बाईंनी ती नम्रपणे परत केली तेव्हापासून सर त्यांचं नाव घेत नव्हते.

"मला ठाऊकच होतं," दार उघडताच सर म्हणाले. वहीची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. "प्रतिभा काय बसच्या पायरीवर उभी असते, येता-जाता कुणीही हात धरावा? उसनवारी कुठं ना कुठं उघडी पडतेच."

भिंग मागून पुढं झाले. "तुमच्याकडची प्रुफाची प्रत न्यायला आलोय. तिच्यावर तुम्ही काही खुणा केल्या असतील ना?"

"खुणा? प्रत्येक पानावर! ओळ न् ओळ वाचली मी."

सरांनी कपाट उघडलं, दोन-तीन खण धुंडाळले. प्रत निघाली ती खालच्या खणातून. खाकी कागदात बांधलेली, वर सुतळीची गाठ, आणि गाठीवर छापखान्याचा कागदी शिक्का अखंड.

तिघंही त्या शिक्क्याकडे बघत उभी राहिली.

"ओळ न् ओळ," भिंग म्हणाले.

सरांचा चेहरा पडला, मग तांबडा झाला. "प्रस्तावना लिहायला पुस्तक वाचावंच लागतं असं नाही! चालते व्हा दोघंही!"

जिन्यावरून उतरताना बाईंना हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी आलं होतं. पण खाली पोचेपर्यंत ते विरलं. सर सुटले होते. भिंगांनी हे केलं असतं तर ते स्वतःचीच चूक दाखवत बसले नसते. उरली त्यांची स्वतःची प्रत.

"ती कुठं कुठं गेली होती?" भिंगांनी विचारलं.

"कुठंच नाही. नऊ दिवस माझ्या घरी. मी एकटीच राहते."

"नऊ दिवस घरी? पण तुम्ही प्रत तेराव्या दिवशी परत आणलीत. माझ्या नोंदीत आहे. मधले चार दिवस?"

बाई फुटपाथवरच थांबल्या. मधले चार दिवस त्यांना चांगले आठवत होते. फक्त ते सांगायची इच्छा नव्हती.

४

"भाचीला दिली होती वाचायला," शेवटी त्या म्हणाल्या. "ताईच्या मुलीला. शाळेत चित्रकला शिकवते. म्हटलं, दोन चुका सापडतील. पण ते घर भावोजींचंही आहे. आणि भावोजींना मी ताई गेल्यापासून डोळ्यांसमोर नको असते."

"पुस्तकात त्यांचं कसं चित्र आहे ते मी वाचलंय. मलाही नकोशा झाला असतात तुम्ही."

भावोजींनी दाराची जाळी उघडली नाही. जाळीमागूनच बोलले.

"आता कशाला आलीस? माफी मागायला?"

"भावोजी, ती वही तुम्हाला कुठं मिळाली?"

"ट्रंकेत. तिच्या शाळेच्या कागदांत. पोरगी जुने कागद आवरत होती तेव्हा निघाली. देवानंच काढली म्हणायची."

"तुम्ही वाचलीत?" भिंगांनी विचारलं.

"मला वाचायचं काय कारण? माझ्या बायकोचं अक्षर मला कळत नाही? त्या अक्षरावर सगळी शाळा जीव टाकायची. पोरीनंही तेच उचललं. लहानपणी आईच्या अक्षरात स्वतःच्याच दांडीच्या चिठ्ठ्या लिहायची, आणि हेडबाई फसायच्या!" बोलता बोलता त्यांच्या आवाजात अभिमान आला होता. मग समोर कोण उभं आहे हे आठवून तो गेला. "तिची वाचा गेली, पाय गेले, पण हात चालत होते. पडल्या पडल्या लिहिलं असणार तिनं. आणि तू? तू आमच्या घरच्या दुखण्याचं पुस्तक केलंस. वर स्वतःचं नाव घातलंस. ती जिवंत असती तर तुझ्या तोंडावर थुंकली असती."

"ती असती तर मी लिहिलंच नसतं, भावोजी."

"मग तिच्या मरणाची वाटच बघत होतीस म्हण की!"

आतलं दार धाडकन लागलं.

रस्त्यावर आल्यावर भिंगांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "पत्राचं अक्षर त्यांचं. तो माणूस जन्म गेला तरी असं वळणदार लिहिणार नाही. आणि त्यांचा त्या वहीवर मनापासून विश्वास आहे."

"भाची असं करणार नाही," बाई म्हणाल्या. कुणी विचारलं नसताना. "तिला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. माझ्या पुस्तकाचं तिलाच सगळ्यात जास्त कौतुक होतं."

"तुमच्या प्रतीत एक्क्याण्णवाव्या पानावर तुम्ही समासात पेन्सिलीनं एक नवं वाक्य घातलंत. 'दुखणं जुनं झालं की घरातल्यांना ते फर्निचरसारखं वाटतं.' आठवतं?"

"हो."

"ते बाडात नाही. माझ्या प्रतीत नाही. सरांच्या बंद गठ्ठ्यात नाही. दुसऱ्या प्रुफात ते आलं, पण तोवर मी दर्याच्या दऱ्या करून टाकल्या होत्या. पेन्सिलीचं वाक्य आणि दर्या, दोन्ही एकत्र असलेली प्रत जगात एकच. तुमची. आणि वहीत दोन्ही आहेत."



"अजून एक गोष्ट राहिली," भिंग म्हणाले. "वहीतली चाळीस पानं तुमच्या पुस्तकाशी जवळजवळ शब्दाला शब्द जुळतात. एक प्रकरण सोडून. नक्कल करणारा माणूस जिथं नक्कल सोडतो, तिथं त्याचं स्वतःचं दुखणं असतं. अकरावं प्रकरण काढा, बाई."

५

कचेरीत बाईंनी दोन्ही शेजारी ठेवून वाचलं.

त्यांच्या पुस्तकातली दुपार अशी होती. आजारी बाई कूस बदलताना पलंगावरून घसरते. बोलता येत नाही, म्हणून हातातला चमचा पेल्यावर आपटते. टिक, टिक, टिक. पुढच्या खोलीत मुलगी टीव्ही बघत असते. रोजचीच टिकटिक. ती टीव्हीचा आवाज वाढवते.

वहीतली दुपार वेगळी होती. चमचा पेल्याला एकदाच लागतो. मुलगी धावत येते. आईला दोन्ही हातांनी उचलते, उशी नीट करते, आणि आई तिच्या गालावर हात ठेवते. ताईच्या अक्षरात लिहिलं होतं : 'ती नेहमीच यायची. मला दुसऱ्यांदा कधी वाजवावं लागलं नाही.'

बाईंनी वही मिटली.

"हे तुम्ही मनानं रचलं होतंत?" भिंगांनी विचारलं. "टीव्हीचा आवाज?"

"नाही. भाचीनंच सांगितलं होतं मला. ताई गेली त्या आठवड्यात. माझ्या मांडीवर डोकं ठेवून. 'मावशी, मी आवाज वाढवला गं,' म्हणाली. कुणाला सांगू नकोस म्हणाली."

"आणि तुम्ही ते छापायला दिलंत."

"कादंबरी आहे ती. नावं बदलली आहेत."

"आणि चुका शोधायला प्रूफ तिच्याच हातात दिलंत. काही न सांगता." भिंगांनी लाल पेन टोपणात घातलं. "तुम्ही चोर नाही, हे मी प्रकाशकांना लिहून देतो. बाकीचं मला विचारू नका. माझं काम छापलेल्या चुकांपुरतं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई चित्रकलेच्या खोलीत गेल्या. भाची ब्रश धूत होती. मावशीला बघून ती दचकली नाही. नळ बंद करायलाही विसरली नाही.

"कळलं वाटतं," ती म्हणाली.

"तू एकदा माझ्याशी बोलायचं होतंस गं."

"बोलले होते की. पाच वर्षांपूर्वी. तुझ्यावर विश्वास टाकून बोलले होते. त्याचं पुढं काय झालं, ते अकराव्या प्रकरणात वाचायला मिळालं."

"पुस्तक थांबवायचं होतं तर नुसतं सांगायचंस. चोरीचा आळ कशाला? बाबांना कशाला ओढलंस? मी तोंड दाखवू शकले नसते कुठं."

"मीही नसते दाखवू शकले. सगळे ओळखणार आहेत. चार घरं सोडून कुणीही सांगेल ती मुलगी कोण." तिचा आवाज चढला. "आणि मला पुस्तक नुसतं थांबवायचं नव्हतं. ते आईच्या नावावर निघालं असतं, तर आईनं मला धावत येताना पाहिलं असतं. छापलं गेलं असतं ते. तू समजू शकतेस का हे? चार रात्री तिच्या अक्षरात लिहीत होते मी. लिहिताना वाटायचं, ती म्हणतेय खरंच. 'ती नेहमीच यायची.'"

बाईंना तिला जवळ घ्यावंसं वाटलं. त्या एक पाऊल पुढं झाल्या.

"हात लावू नकोस," भाची म्हणाली. "मला एक सांग. तुझ्या त्या पुस्तकात नवरा आहे, मुलगी आहे, शेजारीण आहे. धाकटी बहीण कुठं आहे?"

६

बाईंना उत्तर ठाऊक होतं.

"तो गुरुवार होता," भाची म्हणाली. "गुरुवारी दुपारी आईजवळ तू बसायचीस. ठरलेलं होतं. मी कॉलेजचं काम घेऊन टीव्हीसमोर बसले होते, कारण या गुरुवारी तरी मावशी नक्की येणार होती. तू आली नाहीस. डेपोतून फोन केलास, डबल ड्युटी लागली. लागली नव्हती, मावशी. तू मागून घेतली होतीस. त्या संध्याकाळी बाबा तुला शोधायला डेपोत गेले होते तेव्हा तिथल्या माणसानं सांगितलं त्यांना. तू मागून घ्यायचीस. महिनाभर दर गुरुवारी. म्हणून तर बाबांना तू डोळ्यांसमोर नको असतेस. ते मरेपर्यंत हे तुला तोंडावर बोलणार नाहीत, कारण तुला बोलले, तर त्या दुपारी घरात असलेल्या मलाही त्यांना बोलावं लागेल."

बाई मुलांच्या बुटक्या बाकावर बसल्या. पाय दुमडून, गुडघे छातीशी.

"तिचे डोळे," त्या म्हणाल्या. "मी खोलीत आले की ती नुसती बघत राहायची. मला सहन व्हायचं नाही. बसमध्ये निदान माणसं शिव्या तरी देतात."

"मग ते लिही."

"काय?"

"मला काढू नकोस. काढलंस तर मी तुला आयुष्यात माफ करणार नाही. दया नको मला तुझी. आवाज मी वाढवला, तो राहू दे. पण त्या दुपारी कोण यायचं होतं आणि आलं नाही, तेही लिही. मग म्हण, हे पुस्तक माझं आहे."

तिनं ब्रश डब्यात उभे केले, दिवा मालवला आणि मावशीला अंधाऱ्या वर्गात बसलेली सोडून ती निघून गेली.

चौथ्या दिवशी प्रकाशकांसमोर भिंगांचा कागद होता. दर्या, दऱ्या, अनुस्वार, पेन्सिलीचं वाक्य, सगळं त्यात क्रमवार आलं होतं. कुणी लिहिलं ती जागा मात्र त्यांनी कोरी सोडली होती. प्रकाशक वाचताना खुशीत आले.

"वा! आता हेच वर्तमानपत्राला देऊ. लेखिकेवर खोटा आळ, सख्ख्या घरातून कारस्थान! पहिली आवृत्ती हातोहात जाईल. नाव सांगा फक्त."

"नाव मिळणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि प्रकाशन पुढं ढकला. अकरावं प्रकरण मला पुन्हा लिहायचंय."

"डोकं ठिकाणावर आहे का? सभागृह ठरलंय, पाहुणे ठरलेत!"

"मग त्यांना सांगा की बस चुकली."

"हे पुस्तक मी रद्द करीन, बाई."

"करा. मी नववं दार ठोठावीन. सवय आहे."

प्रकाशक बराच वेळ ओरडले. मागून गठ्ठ्यांआडून आवाज आला, "दोन महिने द्या त्यांना. निदान 'ऊन' तरी एकाच प्रकारे लिहितील." शेवटी दोन महिने मिळाले, तेही शंभर टोमण्यांसकट.

बाईंनी ते प्रकरण नऊ वेळा लिहिलं. आठ वेळा त्यातली मावशी बिचारी होत होती, थकलेली, कामाच्या ओझ्याखालची, कुणालाही कीव यावी अशी. नवव्या वेळी त्यांनी फक्त घडलं ते लिहिलं. डेपोतल्या टेबलाशी जाऊन मावशी म्हणते, आज मला जास्तीची फेरी द्या. साहेब म्हणतो, बाई, तुम्ही तर रजा टाकली होती. ती म्हणते, रद्द करा. मग ती बसमध्ये चढते आणि दुपारभर हसून तिकिटं देते.

छापायला जाण्यापूर्वी त्यांनी ते प्रकरण भाचीकडे पाठवलं. निरोप आला नाही. पत्र आलं नाही. गठ्ठा परतही आला नाही. भावोजींनी मात्र प्रकाशकांना दोन ओळींचं पत्र धाडलं, त्याच कोंबडीच्या अक्षरात : तक्रार मागे घेतो. वही परत द्यावी, ती आमच्या घरची आहे.

वही परत गेली.

प्रकाशन एका वाचनालयाच्या लहानशा खोलीत झालं. पंचवीस-तीस माणसं होती. डेपोतले चौघं आले होते, मागच्या रांगेत बसून कुजबुजत, आणि सर आले नव्हते. भिंग भिंतीला टेकून नव्या पुस्तकातल्या चुका मोजत होते. बाईंची नजर दर दोन मिनिटांनी दाराकडे जायची. भाची आली नाही. आजपर्यंत ती मावशीशी बोललेली नाही.

कार्यक्रम संपल्यावर एक पोक्त बाई पुस्तक घेऊन पुढं आल्या. तिथंच कोपऱ्यात बसून त्यांनी शेवटची प्रकरणं वाचून काढली होती. डोळे लाल होते आणि त्या चिडलेल्या दिसत होत्या.

"एक विचारू? त्या मुलीला मी समजू शकते. पोरच ती. पण ती मावशी! समोर असती तर मी चांगली फैलावर घेतली असती. मला तिचा इतका राग आलाय म्हणून सांगू!"

कंडक्टरबाईंनी पुस्तक हातात घेतलं, पहिलं पान उघडलं.

"मलाही येतो," त्या म्हणाल्या, आणि सही केली.